दुखणं रेड्याला, डाग पखालीला

उंच केलेल्या जिप्सीचा किंवा जिम्नीचा मालक गॅरेजात शिरतो तेव्हा त्याच्याकडे तक्रार कमी आणि निदान जास्त असतं. "गाडी ऐंशीला हलते" एवढ्यावर त्याचं भागत नाही. "स्टिअरिंग डँपर गेलाय" हे पुढचं वाक्य तोंडात तयारच असतं. डॉक्टरांपुढे बसून घसा दुखतोय असं सांगण्याऐवजी थेट गोळ्यांचं नाव सांगणारी जी मंडळी असतात, त्यांचीच ही चारचाकी शाखा. मिस्त्री बिचारा व्यवहारी असतो. गिऱ्हाईक आपण होऊन खर्च सुचवत असताना मोडता घालणं धंद्यात अशुभ मानतात. नवा डँपर बसतो, तोही लाल किंवा पिवळा, कारण काळ्या डँपरचा फोटो चांगला येत नाही. गाडी काही आठवडे शहाण्या मुलासारखी वागते आणि मग एखाद्या पुलाच्या सांध्यावरून जाताना पुन्हा अंगात आल्यासारखी घुमायला लागते. रेड्याच्या पाठीवरून पखालीने पाणी यायचं त्या काळात 'दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला' ही म्हण झाली. पुढे गावोगावी नळ आले (पाण्याचं नंतर बघू), रेडा गेला, पखाल गेली. म्हणही बेकारच झाली असती, पण तिला गाड्यांच्या धंद्यात नोकरी मिळाली.

माझं म्हणणं असं आहे की उंच केलेल्या गाडीचं स्टिअरिंग बिघडतं तेव्हा दोष बहुधा कुठल्या एका सुट्या भागात नसतो. गाडी उचलताना ज्यांना कोणी विचारलंच नाही अशा दांड्यांचं, बुशांचं आणि बोल्टांचं ते एकत्रित गाऱ्हाणं असतं. ते ऐकायचं तर दुकानात जाऊन उपयोग नाही, गाडीखाली जावं लागतं. आणि मालकाची खरी अडचण इथेच आहे. त्याने गाडी उंच केली ती वर बसण्यासाठी. खाली आडवं व्हायची त्याची तयारी नसते.

हे समजायला इंजिनिअरिंग कॉलेजची फी भरायला नको. 1985 साली आलेली जिप्सी घ्या, 2023 साली आलेली पाच दारांची जिम्नी घ्या, नाहीतर महिंद्राची जुनी एमएम 540 घ्या. यांच्या पुढच्या दोन चाकांमध्ये बैलगाडीला असतो तसा एकच आडवा आस असतो आणि त्याच्यावर स्प्रिंगांच्या किंवा पाट्यांच्या आधाराने चेसिस बसलेली असते. लिफ्ट किट टाकणं म्हणजे या दोघांमधलं अंतर वाढवणं. चेसिस, बॉडी, मालक आणि मालकाची प्रतिष्ठा असं सगळं दोन इंच वर जातं. आस होता तिथेच राहतो. घोटाळा असा, की या दोन मजल्यांना जोडणारे काही दांडे आहेत आणि ते काही दोन इंचांनी वाढलेले नाहीत. जिम्नीसारख्या स्प्रिंगांच्या गाडीत त्यांतले दोन महत्त्वाचे. ड्रॅग लिंक वरच्या स्टिअरिंग बॉक्सचा हुकूम खाली चाकापर्यंत पोचवते, आणि पॅनहार्ड रॉड एका टोकाने चेसिसला, दुसऱ्या टोकाने आसाला धरून त्याला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. कंपनीने हे दोघे शक्यतो समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे ठेवलेले असतात. खड्डा आला की दिंडीतल्या टाळकऱ्यांसारखे ते एकाच ठेक्यात वरखाली होतात आणि चाकाला वळायचं काही निमित्त उरत नाही.

उचलल्यावर काय होतं ते शाळेतल्या पायथागोरसला विचारा. समजा, पॅनहार्ड 850 मिलिमीटर लांब आहे आणि त्याचं आसाकडचं टोक चेसिसकडच्या टोकापेक्षा 100 मिलिमीटर खाली आहे. आडवं अंतर भरतं 844. आता चेसिस 50 मिलिमीटर वर न्या. टोकांतला फरक झाला 150 आणि आडवं अंतर उरलं 837. मधले सात मिलिमीटर भरून द्यायचे कोणी? आसाने. तो दोन्ही चाकांसकट तेवढा एका बाजूला सरकतो. ड्रॅग लिंकही तिरपी झालेली असते, तिचा हिशेब वेगळा. परिणामी रस्ता सरळ, गाडी सरळ आणि हातातलं स्टिअरिंग मात्र घड्याळात दहा वाजून दहा मिनिटांऐवजी अकरा-वीस दाखवत असतं. यावर सर्रास केला जाणारा इलाज असा: स्टिअरिंगचा मधला नट काढायचा, चाक उपटायचं आणि सरळ करून पुन्हा बसवायचं. लग्नाला उशीर झाला म्हणून मनगटावरचं घड्याळ मागे करण्यासारखं आहे हे. स्टिअरिंग बॉक्स नेमका मध्यावर असतो तेव्हा आतले दाते सगळ्यात घट्ट बसलेले असतात. मध्य सोडला की त्यांच्यात थोडी मोकळीक येते. वरचं चाक उपटून सरळ केलं तर बॉक्स आतून वाकडाच राहतो आणि गाडी सरळ रस्त्यावर कायम त्या मोकळ्या जागेत चालते. पुढच्या महिन्यात "स्टिअरिंगला प्ले आलाय" अशी नवी तक्रार येते. मग कोणीतरी बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू आवळून देतो आणि घट्टपणा नको तिथे जाऊन बसतो. खरा इलाज ड्रॅग लिंकची लांबी फिरवून जुळवण्याचा. त्याला दोन पाने आणि थोडा वेळ लागतो. पण त्यात विकण्यासारखं काहीच नसल्यामुळे तो कोणी सुचवत नाही.

दुसरी भानगड कॅस्टरची. सायकल हात सोडून चालवणाऱ्या शाळकरी पोराला हा शब्द माहीत नसतो, पण त्याचा सगळा रुबाब त्याच्यावरच चाललेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, म्हणून चाक आपोआप सरळ राहू बघतं. गाडीच्या चाकालाही असाच एक कल दिलेला असतो. वळणानंतर स्टिअरिंग हातातून सरकत आपण होऊन मध्यावर येतं ते त्याच्या जोरावर. जिम्नीच्या जातीच्या गाडीत चेसिस वर गेली की आसाला धरणारे आर्म खाली झुकतात आणि झुकताना आसालाच पुढच्या बाजूला फिरवतात. पाट्यांच्या गाडीत पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी शॅकल लांब टाकून उंची मिळवली तर पाटा तिरपा होतो आणि त्याच्याबरोबर आसही फिरतो. कल गेला की गाडी रस्त्यावर शोध घेत फिरल्यासारखी चालते: थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, भाजीबाजारात पिशवी घेऊन निघालेल्या निवृत्त गृहस्थासारखी. मालक म्हणतो टायर खराब आहेत. टायर बदलून आणखी मोठे टाकतो. रोग तोच राहतो, फक्त त्याचा व्यास वाढतो. खरं तर एका बाजूला भोक असलेले कॅस्टरचे बुश किंवा पाट्याखाली घालायची एक पाचर एवढ्यावर हे काम भागतं. पाचर हा शब्द ऐकून नाक मुरडू नये. बैलगाडी तिच्यावरच चालत आली.

आता मुख्य देवता: ताशी सत्तर-ऐंशीला एखादा सांधा लागला की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे अशी फडफडायला लागतात की स्टिअरिंग हातात धरवत नाही. गॅरेजात याला नुसतं 'वॉबलिंग' म्हणतात. अमेरिकेतल्या जीपवाल्यांनी तर या फडफडीच्या नावात मृत्यूच घातलाय, आणि एकदा अनुभव घेतलेल्याला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. 31 इंची टायर ताशी 80 किलोमीटरला सेकंदाला नऊ वेळा फिरतो. प्रत्येक फेरीला त्याच्यातला एखादा जड भाग आसाला बारीक धक्का देत असेल, आणि आसाला धरणाऱ्या सांध्यांत थोडी थोडी ढिलाई असेल, तर दोघांची लय कधीतरी जुळते. झोक्यावर बसलेल्या पोराला बरोबर वेळेवर हात लावत गेलं की झोका वाढतो, तसं. विमानतळावरच्या ढकलगाडीचं एक चाक ठराविक वेगाला वेड्यासारखं थरथरतं, थोडं हळू चालवलं की गप्प बसतं; प्रकार तोच, वजन दीड टन. म्हणून अशा वेळी स्टिअरिंगशी कुस्ती खेळू नये, जोरात ब्रेकही मारू नये. घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि गाडीला आपल्या आपण थंड होऊ द्यावं.

डँपरपक्षाचे लोक इथे हात वर करतात: नवा डँपर टाकल्यावर थरथर थांबली होती, म्हणजे दोषी डँपरच! हा युक्तिवाद वरवर पक्का दिसतो. पण तापात क्रोसिन घेतली आणि ताप उतरला म्हणून शरीरात क्रोसिनची कमतरता होती असं कोणी म्हणत नाही. डँपरचं काम दगडाचा झटका हातापर्यंत पोचण्याआधी शोषून घेण्याचं. सांधे धडधाकट असतील तर डँपर काढून ठेवलेली गाडीही अशी नाचत नाही. खडबडीत रस्त्यावर हाताला हादरे जास्त बसतील, इतकंच. नवा डँपर कडक असतो, तो सांध्यांची ढिलाई काही काळ दाबून धरतो. तेवढ्या काळात ढिला बोल्ट आपलं भोक आणखी लंबगोल करत बसलेला असतो. दुखणं गेलेलं नसतं, नुसतं बोलायचं थांबलेलं असतं, आणि मला विचाराल तर ती अवस्था जास्त वाईट.

मग निदान करायचं कसं? खिशाच्या उलट्या क्रमाने, म्हणजे फुकटापासून. सगळ्यात आधी चाकाच्या आत हात घालून पाहावं. पावसाळ्यात चिखलातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला मातीचा थर बसतो आणि वाळून विटेसारखा टणक होतो. बाहेरून गाडी धुऊन, पॉलिश करून चकाचक असते. आत एका बाजूला पाव किलो शेत चिकटलेलं असतं. बॅलन्सिंगच्या दुकानात तर असाही चमत्कार घडतो की त्या मातीसकट चाक बॅलन्स करून मिळतं आणि पुढच्या आठवड्यात माती गळून पडली की पैसे देऊन बसवलेली शिशाची वजनंच थरथर निर्माण करायला लागतात. मग हवा. मातीत पकड मिळावी म्हणून ती पंधरा-अठरावर आणलेली असते आणि परतीच्या वाटेवर चहाच्या नादात ती भरायची राहिलेली असते. मग टेप. टायरच्या पुढच्या बाजूचं आणि मागच्या बाजूचं अंतर मोजून चाकं किती आत झुकली आहेत ते पाहायचं. शिंप्याकडची टेपसुद्धा चालते. इथवर खर्च शून्य.

त्यानंतर ती परीक्षा, जिच्यासाठी एक मित्र लागतो. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, जॅक नाही, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. मित्राने वर बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं भरभर हलवायचं, चाकं वळतील-न वळतील इतपत. तुम्ही खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. डोळ्यापेक्षा बोटांना आधी कळतं. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकाशी दोन्ही भाग एकदम हलले तर ठीक. एक आधी आणि दुसरा मागून, सरकारी फायलीसारखा, हलला तर तो सांधा गेला. पॅनहार्डच्या चेसिसकडच्या बोल्टाजवळ जास्त वेळ थांबावं. तिथे बोल्टाच्या डोक्याभोवती रंग घासून चकचकीत कडं पडलेलं असेल आणि शेजारी तपकिरी भुकटी साचली असेल, तर गुन्हेगाराने जागेवर ठसे सोडलेत असं समजावं. बोल्ट आवळलेला दिसतो, पण दांडा हळूच टिकटिक करत सरकत असतो. अर्धा मिलिमीटर पुरतो. गाडी जॅकवर असताना हे कधीच दिसत नाही, कारण वजन नसलं की सगळेच सांधे सज्जन असतात. जॅक नंतर लावायचा, एकेक चाक उचलून वर-खाली धरून हलवायला. त्यात चाक ज्याच्याभोवती वळतं त्या किंगपिनची किंवा चाकाच्या बेअरिंगची ढिलाई समजते.

बोल्ट आवळण्याचंही एक शास्त्र आहे आणि ते गॅरेजात हटकून मोडलं जातं. कंपनीच्या रबरी बुशाचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी लिफ्टवर लटकवून, चाकं अधांतरी असताना बोल्ट आवळला की रबर त्याच अवस्थेत अडकतं. गाडी खाली टेकली की ते जन्मभर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातापुरता लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची, हलवायची आणि मग टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळायचा. "आपला हात हाच टॉर्क पाना" असं म्हणणाऱ्या उस्तादांविषयी आदर ठेवूनही हे सांगावं लागतं.

अलाइनमेंटच्या यंत्राने सगळं बरोबर दाखवलं, आता काय, असा एक आक्षेप येतो. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढंच ते सांगतं, आणि तेही उभ्या गाडीचं. एकसंध आसाच्या गाडीत दुकानदाराला फिरवता येतो तो बहुधा एकच कोन, चाकांचा आतला झुकाव. तो हिरवा झाला की तो बिल करतो. कॅस्टरचा आकडा कागदावर लाल छापलेला असतो, पण कागद नेमका तिथेच घडी पडलेला हातात येतो. "मित्राच्या गाडीला तेच किट आहे, तिला काही होत नाही" हा दुसरा आक्षेप. मित्राचे बुश नवे असतील, टायर बारीक असतील, किंवा त्याची गाडी सोसायटीच्या पार्किंगपलीकडे गेलेली नसेल. ही फडफड म्हणजे चार-पाच ठिकाणच्या किरकोळ ढिलाईची बेरीज. प्रत्येक गाडीत आकडे वेगळे. "एकेक भाग बदलत गेलं की कधीतरी सापडतंच" असं म्हणणारेही आहेत. सापडतं, मान्य आहे. गावातल्या प्रत्येकाला फटके दिले तर चोरालाही ते बसतात. शिवाय प्रत्येक बदलात चार बोल्ट उघडतात आणि त्यांतले तीनच नीट बसतात.

सगळ्यात केविलवाणी अवस्था अर्ध्या ज्ञानाची. ड्रॅग लिंक तिरपी झाली हे कोणीतरी वाचतो आणि ती सरळ करायला स्टिअरिंग बॉक्सचा खाली झुकलेला आर्म आणून बसवतो. पॅनहार्ड मात्र तिरपाच राहतो. आता दोघांपैकी एक सरळ, एक तिरपा. दिंडीत एक टाळकरी भलताच ठेका धरून बसलेला. आधी दोघे निदान एकत्र चुकत होते. आता खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपण होऊन वळते, आणि त्यावर चौथा उपाय म्हणून पुन्हा लाल डँपर येतो.

मग गाडी उचलूच नये का? माझ्या मते फार थोड्यांनी उचलावी. लोक उचलतात जमिनीपासूनचं अंतर वाढावं म्हणून, आणि इथेच खरी गंमत आहे. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स 210 मिलिमीटर. एकसंध आसाच्या गाडीत दगडाला आधी लागतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो असतो आसावर. स्प्रिंग दोन इंच लांब टाकली तरी तो एक मिलिमीटरही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तेही व्यासाच्या निम्माच: कंपनीच्या 693 मिलिमीटरच्या टायरऐवजी 31 इंची टाकला तर 47 मिलिमीटर. लिफ्टने मिळते ती मोठ्या टायरला जागा आणि चढ-उतारावर बंपर न टेकण्याची सोय. 2014 साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये भर पावसात दोराने गाडी ओढत नेणाऱ्यांना याची गरज आहे, यात वाद नाही. शनिवारी ताम्हिणीत भजी खाऊन येणाऱ्याला नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आहे: नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करायला त्याने मनाई केली आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. गाड्यांच्या बाबतीत न्यायालयाने उचललं ते एवढंच. नवी थार ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा सगळा लेख स्वतःला लावून घेऊ नये. 2020 च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पॅनहार्ड नाही. तिला उचलल्यावर ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचे कोन आणि अलाइनमेंट बिघडतं. दुखणी वेगळी, पखाल तीच.

ज्यांनी आधीच उचलली आहे त्यांना आता उतरवा म्हणण्यात अर्थ नाही, ते ऐकणार नाहीत. त्यांना एवढीच विनंती, की डँपरची ऑर्डर देण्याआधी एका मित्राला रविवारी सकाळी बोलवा. त्याला चहा द्या, स्टिअरिंगवर बसवा, एक जुनी सतरंजी घ्या आणि गाडीखाली जा. पांढरा शर्ट घालू नका.